सीआरपीचा आकडा आणि पिशवीतल्या सहा बाटल्या

बाईंनी आधी वही टेबलावर ठेवली, मग पिशवी उलटी केली. सहा बाटल्या निघाल्या. एक गडगडत कडेला गेली, ती त्यांनीच पकडली आणि लेबल माझ्याकडे करून पुन्हा रांगेत उभी केली.

"सात महिने एकही दिवस चुकवला नाही, डॉक्टर. आणि हे बघा."

वहीत लाल पेनने गोल केलेला आकडा होता: एचएस-सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी, ७.२. वरच्या ओळीत सात महिन्यांपूर्वीचा, ६.४. मधली वजाबाकीही करून ठेवली होती.

उभी हयात गणित शिकवण्यात गेली, म्हणून इथे त्यांना 'बाई'च म्हणतो. हे प्रकरण एका माणसाचं नाही. मधुमेहाच्या ओपीडीत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एका व्यक्तीवर बेतून मांडल्या आहेत. औषधांच्या प्रयोगांचे आकडे मात्र जसे प्रसिद्ध झाले तसेच दिले आहेत.

पूर्वेतिहास थोडक्यात. वय ५७. टाइप २ मधुमेह ११ वर्षं. जवळजवळ पहिल्यापासून मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी, गेली काही वर्षं दिवसाला २००० मिलिग्रॅम. रक्तदाबाची एक गोळी. वजन उंचीच्या मानाने १४ किलो जास्त. लघवीतून थोडं अल्ब्युमिन हे प्रथिन जातं. दीड वर्षापासून दोन्ही तळपायांना मुंग्या, रात्री जास्त. थकवा. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ८.१.

वर्षभरापूर्वी कुणीतरी त्यांना सांगितलं की मधुमेहाचं खरं मूळ म्हणजे इन्फ्लमेशन, शरीरातला दाह, ते घालवलं की साखर आपोआप खाली येते आणि घालवायचं असेल तर व्हिटॅमिनं घ्यायची. बाई कुणाच्या सांगण्यावर सहसा विश्वास ठेवत नाहीत. त्यांनी वाचलं, सीआरपी करून घेतला, तो वाढलेला निघाला आणि मग त्यांना पटलं.

त्यांना सांगितलेल्यातलं पहिलं वाक्य अगदीच खोटं नाही, आणि अडचण तिथूनच सुरू होते. चरबीच्या पेशी फुगल्या की त्यांच्या अवतीभवती मॅक्रोफेज नावाच्या पांढऱ्या पेशी गोळा होतात. त्या टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-६ असे संदेश सोडतात. टीएनएफ-अल्फाचा चरबीच्या पेशींशी आणि इन्सुलिनला न जुमानण्याशी असलेला संबंध १९९३ साली उंदरांवरच्या कामातून पुढे आला. इंटरल्युकिन-६ यकृतापर्यंत पोचलं की यकृत सीआरपी हे प्रथिन बनवू लागतं. म्हणजे सीआरपी हा धूर. रक्तात त्याचं अर्धं आयुष्य १९ तासांच्या आसपास असतं, त्यामुळे आज दिसणारा धूर आजच्याच आगीचा असतो. एक मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खाली असेल तर हृदयाचा धोका कमी, एक ते तीन मध्यम, तीनच्या वर जास्त, आणि दहाच्या वर गेला तर आधी ताजा संसर्ग शोधायचा. दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा मोजल्याशिवाय त्यावर मत देऊ नये. बाईंचे दोन्ही आकडे सहाच्या वर होते, म्हणजे धूर खरा होता. तो कुठून येतोय, हे मात्र कुणी पाहिलं नव्हतं. मीही नाही.

तपासायला त्यांना पलंगावर बसवलं. १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क तळहातावर आपटून पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला. "थरथर थांबली की सांगा." चार सेकंदांत त्या म्हणाल्या, "थांबली." फोर्क माझ्या चिमटीत अजून व्यवस्थित थरथरत होता. डाव्या पायाचंही तेच. मोनोफिलामेंटचा बारीक दोरा मात्र दहापैकी नऊ जागी कळला. म्हणजे स्पर्श बराचसा शाबूत होता आणि कंपनाची जाणीव गेली होती. मधुमेहाने नसा बिघडतात तेव्हा असं होऊ शकतं. बी-१२ कमी असतानाही असंच होतं, किंबहुना तेव्हा हे जास्त ठळक दिसतं.

पण बी-१२चा रिपोर्ट वहीत चिकटवलेला होता: ६२०. उत्तम.

बेरीज

बाटल्यांची लेबलं मोठ्याने वाचायला मी बाईंनाच सांगितलं आणि कागदावर बेरीज मांडत गेलो. रोजची मल्टिव्हिटॅमिन. डी-३, २००० आययू. सी, १००० मिलिग्रॅम. ई, ४०० आययू. 'नसांसाठी' म्हणून एक गोळी, दिवसातून दोनदा, तिच्यात बी-१ आणि १०० मिलिग्रॅम बी-६. आणि 'केसांसाठी' एक गोळी, तिच्यात १० मिलिग्रॅम बायोटिन आणि आणखी थोडं बी-६.

एकेक बाटली पाहिली तर कुठेच काही वावगं दिसत नाही. बी-६ मात्र तीन बाटल्यांत होतं: २०० अधिक १० अधिक २. पन्नाशीनंतरच्या स्त्रीला दिवसाला दीड मिलिग्रॅम पुरतं. बाईंनी भागाकार तोंडीच केला. "एकशे एक्केचाळीस पट." अमेरिकेत वरची मर्यादा १०० मिलिग्रॅम धरतात, युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने ती २०२३मध्ये १२वर आणली. मर्यादा कशासाठी? बी-६ महिनोन् महिने जास्त पोटात गेलं तर ते स्पर्शाच्या नसा बिघडवतं आणि पायांना मुंग्या येतात. ज्या तक्रारीवर बाई ती गोळी घेत होत्या, नेमकी तीच तक्रार ती गोळी निर्माण करू शकते. बाईंच्या मुंग्या गोळीच्या आधीपासूनच्या, म्हणजे सुरुवात तिने केलेली नाही. पण गेल्या सात महिन्यांत त्या वाढल्या होत्या.

बायोटिनचं गणित आणखी मजेदार. पुरेसं मानलं जाणारं प्रमाण ३० मायक्रोग्रॅम. केसांच्या गोळीत १०,००० मायक्रोग्रॅम. तीनशे तेहतीस पट. विषबाधेच्या दृष्टीने बायोटिन निरुपद्रवीच आहे. त्याचा उपद्रव प्रयोगशाळेत होतो, आणि या प्रकरणाची गाठ तिथेच सुटली.

शंका का आली ते आधी सांगतो. बाईंचं हिमोग्लोबिन १०.८ होतं आणि लाल पेशींचा आकार, एमसीव्ही, १०१. पेशी मोठ्या. बी-१२ कमी करू शकणाऱ्या मेटफॉर्मिनवर ११ वर्षं काढलेल्या माणसाच्या लाल पेशी, बी-१२ कमी असताना होतात तशा, मोठ्या, कंपनाची जाणीव गेलेली, आणि बी-१२ म्हणे ६२०. शिवाय थायरॉइडचा टीएसएच ०.२, म्हणजे थायरॉइड जोरात चालायला हवा. पण नाडी ७२, हात कोरडे, वजन जागच्या जागी. रिपोर्ट एका माणसाचे वाटत नव्हते.

अनेक यंत्रांमध्ये तपासणीच्या किटमधल्या प्रतिपिंडाला बायोटिनची शेपटी लावलेली असते आणि ती शेपटी स्ट्रेप्टाव्हिडिन नावाच्या प्रथिनाला घट्ट चिकटते. भिंतीवर खुंट्या आहेत आणि त्यांवर पिशव्या अडकवायच्या आहेत, अशी कल्पना करा. शेवटी किती पिशव्या अडकल्या ते यंत्र मोजतं. रुग्णाच्या रक्तातच बायोटिन भरपूर असेल तर खुंट्या आधीच भरून जातात. टीएसएचसारख्या मोठ्या रेणूच्या तपासणीत कमी पिशव्या म्हणजे कमी टीएसएच, म्हणून आकडा खोटा खाली येतो. बी-१२ आणि व्हिटॅमिन डीसारख्या छोट्या रेणूंच्या तपासणीची रीत उलटी असते: तिथे कमी पिशव्या म्हणजे जास्त व्हिटॅमिन. आकडा खोटा वर जातो. सगळ्याच यंत्रांवर हे होत नाही, नव्या किटमध्ये बरंच सुधारलंय, पण प्रकार खरा आहे. हृदयविकाराच्या झटक्यात पाहिला जाणारा ट्रोपोनिनसुद्धा यामुळे खोटा कमी येऊ शकतो. २०१७मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, यावर जाहीर इशारा दिला, तेव्हा त्यात एका मृत्यूचाही उल्लेख होता.

केसांची गोळी बंद करायला सांगितली आणि आठ दिवसांनी रक्त पुन्हा घेतलं. टीएसएच २.३. व्हिटॅमिन डी आधी ६८ होतं ते ३१. बी-१२ आधी ६२०, आता १६८. खात्रीसाठी होमोसिस्टीन केलं, जे बी-१२ कमी असलं की रक्तात वाढतं; ते २२ निघालं, वाढलेलं. सीआरपी ६.९, जवळपास तसाच, कारण तो मोजायची पद्धत वेगळी असते: बारीक कणांचं द्रावण किती गढुळतं ते पाहतात, तिथे खुंट्या सहसा नसतातच. म्हणजे वहीतल्या पानभर आकड्यांत जो एक बाईंना नकोसा होता, तो खरा होता. त्यांनी शाबासकीची बरोबरची खूण केलेले तिन्ही खोटे.

बाईंनी जुन्या पानावर रेघ मारली आणि समासात लिहिलं, "साधनदोष".

अकरा वर्षं कुणी का पाहिलं नाही

मेटफॉर्मिन आणि बी-१२चं नातं नवं नाही. बी-१२ लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जातं आणि त्यासाठी तिथे कॅल्शियम लागतं. मेटफॉर्मिन या टप्प्यात आडवं येतं. नेदरलँड्समध्ये ३९० जणांवर झालेला एक प्रयोग २०१०मध्ये प्रसिद्ध झाला. ४.३ वर्षांत मेटफॉर्मिनच्या गटात बी-१२ प्लासिबोच्या, म्हणजे औषध नसलेल्या गोळीच्या, तुलनेत १९ टक्क्यांनी घसरलं, आणि घसरण काळानुसार वाढत गेली. मेटफॉर्मिनवर असलेल्यांचं बी-१२ अधूनमधून तपासावं, रक्त कमी असेल किंवा पायांना मुंग्या असतील तर नक्कीच, असं अमेरिकन डायबेटिस असोसिएशन सांगते. बाई ११ वर्षांत कुठे कुठे दाखवून आल्या. शेवटची चार वर्षं माझ्याकडे. बी-१२ तपासायला मी एकदाही लिहून दिलं नव्हतं. वहीतला तो ६२०चा रिपोर्ट त्यांनी स्वतःच्या मनाने करून घेतलेला. म्हणजे जी ढीगभर व्हिटॅमिनं नको होती ती त्यांनी घेतली, आणि जे एक खरोखर हवं होतं ते मल्टिव्हिटॅमिनमधल्या दोन-अडीच मायक्रोग्रॅमपुरतंच पोटात गेलं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. बंब पाठवणाऱ्यांत मीही होतो.

यातच साखरेच्या आकड्याचाही एक पेच दडला होता. एचबीए१सी ८.१ म्हणजे सरासरी साखर साधारण १८६. बाईंच्या वहीत बोटातल्या रक्ताच्या नोंदी दिवसाला चार होत्या आणि त्यांची सरासरी १६५च्या आसपास. हा फरक त्यांनी मला दोन महिने आधीच दाखवला होता, मी "मशीन मशीनचा फरक" म्हणून सोडून दिला. बी-१२ कमी असलं की नव्या लाल पेशी कमी तयार होतात आणि जुन्या जास्त दिवस फिरत राहतात. जास्त दिवस फिरलेल्या पेशीवर साखर जास्त चिकटते. म्हणजे साखर तेवढीच असूनही एचबीए१सी फुगून येतो. उलट बी-१२ सुरू केलं की कोवळ्या पेशींची झुंबड उडते आणि एचबीए१सी खाली येतो, साखर तसूभर न हलता.

हे उपचारांच्या आधीच बाईंना सांगून ठेवलं, आणि ते बरं झालं. बी-१२ची इंजेक्शनं सुरू केल्यावर सहा आठवड्यांनी एचबीए१सी ७.४ आला. बोटाच्या नोंदींची सरासरी होती १६४. हीच गोष्ट कुणी आधी सांगितली नसती तर 'व्हिटॅमिनने साखर उतरली' हा निष्कर्ष वहीत लाल शाईने गेला असता, आणि कोणत्याही बाजूने पाहिलं तरी तो पटण्यासारखा दिसला असता.

सी, ई आणि थांबलेली एक गोळी

दंडावर लावायचा साखरेचा सेन्सर बाईंनी महिनाभर वापरला होता. त्याचा आलेख त्यांनी छापून आणला होता. रोज सकाळी साडेनऊच्या सुमाराला एक टेकाड, न्याहारीच्या आधी, कशाशी संबंध नाही असं. व्हिटॅमिन सी त्या आठ वाजता घेत. काही सेन्सर ज्या रासायनिक क्रियेवर चालतात तिच्यात व्हिटॅमिन सीसुद्धा भाग घेतं, आणि दिवसाला ५०० मिलिग्रॅमच्या वर घेतलं तर आकडा खोटा वाढू शकतो, असं त्या सेन्सरच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं. गोळी बंद केल्यावर तिसऱ्या दिवसापासून टेकाड नाहीसं झालं. त्या टेकाडापायी न्याहारी टाळायची असं त्यांनी ठरवत आणलं होतं. इन्सुलिनवर असत्या तर त्या खोट्या टेकाडासाठी डोस घेऊन साखर खरोखर पडली असती.

आता ई. ही बाटली सोडायला बाई तयार नव्हत्या, आणि त्यांच्याकडे पुरावा होता. मधुमेहींमध्ये व्हिटॅमिन ईने सीआरपी उतरतो असं त्यांनी वाचलं होतं. वाचलेलं खरं आहे. २०००च्या सुमाराला दिवसाला १२०० आययू अशा मोठ्या डोसने तीन महिन्यांत सीआरपी आणि इंटरल्युकिन-६ दोन्ही कमी झाल्याचं प्रसिद्ध झालं. पण त्याच वर्षी 'होप' हा मोठा प्रयोगही आला. हृदयाचा धोका असलेल्या हजारो लोकांना, ज्यांत मधुमेही पुष्कळ होते, साडेचार वर्षं ४०० आययू ई दिलं. झटके, पक्षाघात, मृत्यू कशातही फरक नाही. तोच गट पुढे आणखी काही वर्षं पाहिला तेव्हा ई घेणाऱ्यांत हृदय निकामी होण्याचं प्रमाण उलट थोडं जास्त निघालं. हॅप्टोग्लोबिन या रक्तातल्या प्रथिनाचा एक विशिष्ट जनुकीय प्रकार असलेल्या मधुमेहींत ईचा फायदा दिसल्याचा इस्रायलमधला एक प्रयोग आहे, पण त्यावरून सरसकट सगळ्यांना ई देता येत नाही.

"मग धूर कमी झाला तो?" बाईंनी विचारलं.

धूर खिडकीतून बाहेर गेला तरी कमीच दिसतो, असं काहीतरी मी म्हणालो. उपमा फारशी जमली नाही, पण दुसरं उदाहरण पक्कं होतं. २०१७चा 'कँटॉस' हा प्रयोग. इंटरल्युकिन-१ बीटा हा दाहाचा संदेश थेट अडवणारं इंजेक्शन, १०,०६१ रुग्ण, झटका येऊन गेलेले आणि सीआरपी वाढलेले. सीआरपी ठळकपणे उतरला, १५० मिलिग्रॅमच्या डोसने हृदयविकाराच्या घटना १५ टक्क्यांनी घटल्या. म्हणजे दाह ही काही अफवा नाही. पण त्याच प्रयोगात मधुमेह नसलेल्यांना नव्याने मधुमेह होणं काही थांबलं नाही. थेट दाहावर घाव घालणारं इतकं जोरदार औषध जे करू शकलं नाही, ते बाटलीतल्या ४०० आययूंकडून अपेक्षित होतं.

मग मी सहज विचारलं, "कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे ना?"

बाई गप्प. ती त्यांनी सात महिन्यांपूर्वी बंद केली होती. ई सुरू केलं त्याच दिवशी. एक रासायनिक गोळी कमी, एक नैसर्गिक जास्त, हिशेब बरोबर.

याच अदलाबदलीचा निकाल एका प्रयोगात शेजारी शेजारी मांडलेला आहे. ब्रिटनमधला हार्ट प्रोटेक्शन स्टडी, २००२. माणसं २०,५३६, त्यांत मधुमेही जवळजवळ सहा हजार. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार गट: काहींना सिम्वास्टॅटिन (स्टॅटिन प्रकारची कोलेस्टेरॉलची गोळी), काहींना ई, सी आणि बीटा-कॅरोटीन, काहींना दोन्ही, काहींना दोन्ही नाही. पाच वर्षं. स्टॅटिनने मोठे हृदयविकार आणि पक्षाघात सुमारे एक चतुर्थांश घटले. व्हिटॅमिनांनी रक्तातली व्हिटॅमिनं वाढली. बस, तेवढंच. बाईंना हा आराखडा फार आवडला. "दोन बाय दोनचा तक्ता," त्या म्हणाल्या आणि वहीत काढूनही घेतला. ईची बाटली त्यांनी तिथेच बाजूला ठेवली. वर स्टॅटिन सीआरपीही उतरवतं, त्यामुळे ६.४चे ७.२ होण्यात या बंद गोळीचा हात असू शकतो.

बाई रोज पाऊण तास चालू लागणार होत्या, म्हणून त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली. २००९मध्ये निरोगी तरुण पुरुषांना चार आठवडे व्यायाम करायला लावून निम्म्यांना १००० मिलिग्रॅम सी आणि ४०० आययू ई दिलं. हुबेहूब बाईंचा डोस. व्यायामाने इन्सुलिनचा प्रभाव सुधारतो, तो ज्यांनी गोळ्या घेतल्या नाहीत त्यांच्यात सुधारला, घेतलेल्यांत नाही. प्रयोग छोटा, माणसं तरुण, मधुमेही नव्हेत. त्यावर फार भार टाकू नये. पण चालण्याच्या जोडीला या दोन गोळ्या घेण्याचं कारण मला तरी त्यात सापडत नाही.

तोंड उघडा

सीआरपी सहा-सातवर का अडकला? वजन हे एक कारण होतंच. बाकी यादी मी क्रमाने तपासली: पायाला जखम नाही, लघवीत संसर्ग नाही, सांधे ठीक, तंबाखू नाही, घोरण्याची तक्रार नाही. शेवटी टॉर्च लावून तोंड पाहिलं. खालच्या पुढच्या दातांपाशी हिरड्या तांबड्या, सुजलेल्या, दातांपासून सुटलेल्या. चमच्याच्या पातळ दांड्याने नुसतं टेकलं तर रक्त आलं.

"ब्रशला गुलाबी लागतं दोन वर्षं. वयाने होतं ना?"

दंतवैद्यांनी मोजणी केली तेव्हा बऱ्याच दातांभोवती सहा-सात मिलिमीटर खोल खोबणी निघाल्या. निरोगी हिरडीत ही खोली तीनच्या आत असते. त्या खोबणींत जिवाणूंचा थर बसतो आणि चोवीस तास दाह चालू राहतो. मधुमेहाने हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्या साखर वाढवतात, दोन्ही बाजूंनी. हिरड्यांच्या खालपर्यंतची सफाई केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी ०.४३ने उतरतो, असं अनेक प्रयोग एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२२च्या आढाव्यात आहे. एखाद्या जास्तीच्या गोळीइतका हा फरक नाही, पण अगदी हातचा. ११ वर्षांत बाईंच्या पायांकडे, डोळ्यांकडे, मूत्रपिंडाकडे सगळ्यांनी पाहिलं. तोंड उघडायला कुणी सांगितलं नाही. आमच्या फॉर्मवर तोंडाचा रकानाच नव्हता.

सफाई चार बैठकांत झाली.

डी आणि होमोसिस्टीन

व्हिटॅमिन डीवर आमची फार वादावादी झाली नाही. मधुमेहींत डी कमी आणि सीआरपी जास्त अशी जोडी वारंवार दिसते, त्यावरून डी वाढवलं की दाह जाईल असं वाटणं साहजिक आहे. पण दाहच डीला खाली ओढतो. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांत एक-दोन दिवसांत सीआरपी उसळतो आणि रक्तातलं डी धडाधड उतरतं. इतक्या थोड्या वेळात कुणाचं ऊन बंद होत नाही. प्रयोगांकडे पाहिलं तर मधुमेहींत डी दिल्यावर सीआरपी किंचित कमी झाल्याचं काही एकत्रित विश्लेषणांत दिसतं. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या २४२३ जणांना दिवसाला ४००० आययू देऊन पाहिलं, २०१९ साली निकाल आला: अडीच वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण १२ टक्क्यांनी कमी, पण हा फरक योगायोग नाही असं म्हणण्याइतका पक्का नाही. २०२४मध्ये एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संस्थेने उंबरठ्यावरच्या जास्त धोक्याच्या लोकांना डी सुचवलं आहे. बाई उंबरठा ११ वर्षांपूर्वीच ओलांडून आल्या. त्यांचं खरं डी ३१ होतं, तेही २००० आययूवर. चालू ठेवलं. हाडांसाठी, सीआरपीसाठी नव्हे, आणि वहीत तसंच लिहायला सांगितलं.

होमोसिस्टीन २२ पाहून त्यांच्या एका नातेवाइकांनी फोलिक अॅसिड, बी-६ आणि बी-१२ यांचा मोठा संच पाठवला. तो मी ठामपणे परत करायला लावला. मधुमेहामुळे मूत्रपिंड बिघडलेल्या २३८ जणांना हाच त्रिकूट मोठ्या डोसात देऊन कॅनडात प्रयोग झाला, २०१०मध्ये प्रसिद्ध झाला. होमोसिस्टीन उतरलं. मूत्रपिंड मात्र प्लासिबो गटापेक्षा वेगाने ढासळलं, आणि झटके-पक्षाघातासारख्या घटना दुप्पट झाल्या. बाईंनी लगेच बोट ठेवलं: "त्यातही बी-१२ होतं ना? मग मला का देताय?" प्रश्न रास्त. तिथे कमतरता पाहून दिलं नव्हतं, आकडा उतरवायला तिन्ही मिळून दिलं होतं. बाईंच्या नसा आणि रक्त दोन्ही बी-१२साठी उपाशी होते. द्यायचं नाही हा पर्यायच नव्हता. मूत्रपिंडाच्या तपासण्या दर तीन महिन्यांनी करायचं ठरवलं.

सहा महिन्यांनी

बाटल्या दोन उरल्या: बी-१२ आणि डी. वजन चार किलोने कमी. हिमोग्लोबिन १२.१. एचबीए१सी ७.०, बोटाच्या नोंदींची सरासरी १५२, म्हणजे आता दोन्ही एकमेकांना धरून. मूत्रपिंड जागच्या जागी. सीआरपी दोनदा मोजला, २.९ आणि २.७. मध्ये सर्दी-खोकल्यात घाईने केलेला एक ११.८ होता, तो बाईंनी फोनवर सांगितल्याबरोबर रद्द केला.

"कशामुळे उतरला?" हा रकाना त्यांनी वहीत रिकामा ठेवला होता. हिरड्यांची सफाई, स्टॅटिन पुन्हा सुरू, वजन, चालणं, हे सगळं सहा महिन्यांत एकदम झालं.

"एका समीकरणात चार अज्ञातं घातलीत तुम्ही, डॉक्टर. सुटायचं कसं?"

सुटत नाही, म्हणालो. एकेक उपाय तीन-तीन महिने करत बसलो असतो तर उत्तर चोख मिळालं असतं, पण तेवढा काळ हिरड्या तशाच ठेवायच्या की स्टॅटिन बंद ठेवायचं? हे त्यांना पटलं, पण आवडलं नाही. रकाना अजून रिकामाच आहे.

फोर्क पुन्हा लावला. उजव्या अंगठ्यावर नऊ सेकंद. डाव्यावर पाच. रात्रीच्या मुंग्या उजवीकडच्या जवळपास गेल्या. बी-६ बंद केल्यावर पहिले काही आठवडे त्या उलट वाढल्या होत्या, तसं होऊ शकतं हे सांगितलं होतं म्हणून निभावलं. डाव्या पायाचं फारसं काही हललेलं नाही. बी-१२ उशिरा मिळालेल्या सगळ्याच नसा परत येत नाहीत, हे मी पहिल्या भेटीतच सांगायला हवं होतं. सहाव्या महिन्यात सांगितलं. बाईंनी ते लिहून घेतलं, काळ्या शाईने, आणि खाली पुढच्या तपासणीची तारीख टाकली.